कुटारातलं तांबं

चंद्रभागाबाईंना प्रश्न विचारायची खोड जन्माची. लोकांच्या शेतात तण निंदायला जायच्या तेव्हा मुकादम म्हणायचा, हिच्या हातापेक्षा तोंड पुढे. आता हात थकले, तोंड मात्र शाबूत होतं. त्यातून मुलगा हर्षदीप इचोड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, मग काय विचारता.

हर्षदीपच्या मित्राचं, पियुषचं, हायवेवर ट्रकच्या बंपरना चकाकी आणून देणारं दुकान होतं. लोखंडावर आधी तांब्याचा मुलामा चढवायचा आणि मग ते धुवायचं. धुतलेलं निळं पाणी नालीतून ओढ्यात जायचं, आणि त्याच ओढ्यावर अर्ध्या गावाच्या शेळ्या पाणी प्यायच्या. चंद्रभागाबाईंची शेळीही त्यातलीच, तीही गाभण. हे पाणी साफ केल्याशिवाय राहायचं नाही, असं हर्षदीपने मनावर घेतलं होतं.

त्याने ओसरीवर बरण्या मांडल्या. एकीत भुईमुगाची टरफलं, एकीत सीताफळाच्या साली, एकीत ज्वारीची रिकामी कणसं, आणि एकीत तुरीचं कुटार, म्हणजे तूर झोडपल्यावर उरतो तो टरफलांचा नि पानांचा भुगा. टाकाऊ वस्तूंनीच पाणी शुद्ध करायचं, असं तो म्हणाला. कुटाराला टाकाऊ म्हटलेलं ऐकून चंद्रभागाबाईंच्या कपाळाला आठी पडली. तरी शेजारच्या रेणुकाबाईंच्या खळ्यातून अर्धं पोतं त्यांनीच आणून दिलं. काय होतं ते बघायची हौस त्यांनाच जास्त.

सालींच्या बरणीत पाणी चहासारखं झालं. टरफलांनी आणि कणसांनी जेमतेम काम केलं. कुटाराच्या बरणीतलं निळेपण मात्र दुसऱ्या दिवशी पार गेलं. हर्षदीपने दोन्ही पाण्यांत नाकात झोंबणाऱ्या अमोनियाचे थेंब टाकून दाखवले; तांबं असलं की त्याने पाणी गर्द निळं होतं. पियुषचं पाणी गर्द निळं झालं, कुटारातलं होतं तसंच राहिलं. गडी हरखून गेला.

"मंग तांबं गेलं कुठी?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"गेलं आई. पानी साफ झालं ना."

तो एव्हाना फोनवर होता. सोमवारी कुटाराचा ड्रम बसवू, वापरलेलं रस्त्याकडेला टाकत जा, नैसर्गिकच आहे, आपोआप कुजेल, असं पियुषला सांगत होता. हातानेच आईला खूण केली, बरणीतलं उकिरड्यावर टाक म्हणून.

कुटार आणि उकिरड्यावर? जिवात जीव असेपर्यंत ते व्हायचं नव्हतं. त्यांनी ते तीन पाण्यांनी धुतलं, बाजेवर वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टोपल्यात भरून शेळीपुढे ठेवलं. शेळीने तोंड घातलं न घातलं, तोच त्यांनी टोपलं ओढून घेतलं. डाळीतलं मीठ दिसत नाही, म्हणून काय ते नसतं? शेळी रागाने ओरडत राहिली.

तांब्याच्या गडूवरचं हिरवं लिंबाने निघतं, हे त्यांना हर्षदीपच्या जन्माआधीपासून ठाऊक. त्यांनी काचेच्या वाटीत मूठभर कुटार घेतलं, थोडं पाणी घातलं, दोन लिंबं पिळली आणि झाकण ठेवलं. तासाभराने गाळून पाहिलं. पाणी निळसर हिरवं झालं होतं.

ओढ्याचं राहू द्या, आपण आपल्याच हाताने हे तांबं पोटुशा जनावराला चारायला निघालो होतो. त्या किती तरी वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी हर्षदीप आला. वाटीतलं पाणी पाहून त्याने लिंबाचा आंबटपणा मरेपर्यंत अमोनिया टाकला. गर्द निळं. त्याने लगेच पियुषला फोन लावला आणि ड्रम सोमवारी बसवायचा नाही म्हणून सांगितलं. वापरलेल्या कुटारातलं तांबं धुऊन काढायची सोय होईस्तोवर एक काडी बाहेर टाकायची नाही, हेही बजावलं. फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"बाजाराची सारी जनावरं त्या रस्त्यानं फिरतात आई," तो म्हणाला. "कुटार कोनी खाईल, हे माह्या मनातच नाही आलं."

चंद्रभागाबाईंना चांगलंच खडसवायचं होतं. पण त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून त्यांचा राग विरला.

"कसं येईल मनात," त्या म्हणाल्या. "तू लहान होता तवा लोकायच्या खळ्यातलं कुटार मी पाखडून काढो. त्यात राह्यलेले तुरीचे दाने येचून तुले वरन करून घातलं. तुले हे कदी मालूम पडू नये, असंच मले वाटे."