थांबायच्या जागा

स्वप्नालीनं बटण पडद्यावर ओढून आणलं, बाकीच्या बटणांच्या रांगेत बसवलं आणि माऊस हंबीरमामांकडं सरकवला.

"दाबा मामा."

मामांनी माऊस दोन्ही हातांनी धरला, जिवंत खेकडा धरावा तसा. दाबला. काही झालं नाही.

"ह्ये मुकं हाय की गं."

"अजून जोडलं नाही. बटण नुसतं ठेवून भागत नाही मामा. दाबल्यावर काय व्हायचं ते या शेजारच्या चौकटीत सांगावं लागतं. नाहीतर ते नुसतं दिसतं."

"म्हंजे पेटीगत. बोट सुरावर, पर भाता कुणी मारायचा?"

एरवी ती हसली असती. हंबीरमामा विश्वजितच्या कीर्तनात पेटीवर बसत. विश्वजित, तिचा नवरा, गेल्या श्रावणात काविळीनं गेला. उद्या त्याचं वर्षश्राद्ध. कसबा बावड्याच्या ज्या देवळात तो कीर्तनाला उभा राही, तिथल्या मंडळींनी मंडपात एक कॉम्प्युटर ठेवायचं ठरवलं होतं. बटण दाबावं आणि बुवांचं कीर्तन ऐकावं. लक्ष्मीपुरीतल्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये स्वप्नाली शिकवायची, तिथंच ते काम आलं.

"तुम्हाला जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला देतो," सर म्हणाले होते.

"करते की," ती म्हणाली. तिला काहीच वाटलं नव्हतं. वर्षभर तसंच चाललं होतं. बायका गळ्यात पडून रडायच्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि गॅसवर दूध तर राहिलं नाही ना, ते आठवत बसायची.

कीर्तनं विश्वजितनं घरीच टेपवर भरून ठेवली होती. माजघरात सतरंजी टाकून, समोर टेपरेकॉर्डर ठेवून तो बसायचा. त्या कॅसेटी तिनं कॉम्प्युटरवर उतरवल्या, त्याही स्पीकर बंद ठेवून. आवाज ऐकायची गरजच नव्हती, तो पडद्यावर दिसत होता. जिथं बोलणं, तिथं हिरवी रेघ उसळायची, जिथं काही नाही, तिथं आडवी पडून राहायची. सगळं एका सीडीत मावेना, म्हणून आडव्या रेघा तिनं कापून टाकल्या. शिवणाचे लोंबते दोरे कापावेत तशा, स्वच्छ.

तिनं चौकट उघडली, 'क्लिक झाल्यावर' निवडलं, त्याच्यापुढं 'आवाज सुरू कर' लावलं आणि कीर्तनाचं नाव दिलं.

"झालं. आता दाबा. मी चहा सांगून येते."

"बस की. चा काय पळून जातोय?"

मामांनी दाबलं. विश्वजितचा आवाज खोलीत आला. ती टेबलाच्या कडेला वाळलेला फेव्हिकॉल नखानं खरवडत राहिली. मामांनी मान डोलवायला सुरुवात केली, बोटं टेबलावर फिरू लागली. मग बोटं अडखळली. मान थांबली.

"ह्यो आमचा बुवा न्हाय."

"आवाज त्यांचाच आहे मामा."

"आवाज त्येचाच. पर पळतोय. मागं कुत्रं लागल्यागत. आगं, 'मायबापहो' म्हणला की विश्वजित थांबायचा. लोकांनी गजर केल्याबिगर फुडं पाऊल टाकायचा न्हाय. मी पेटीवर हात धरून बसायचो त्येच्या तोंडाकडं बघत. त्ये थांबणं कुठं गेलं?"

"तिथं काही नव्हतं. रिकामं होतं. घरात एकटेच बसून भरायचे, गजर करायला माणसं कुठली? जागा व्हावी म्हणून मी कापलं."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"उद्या देवळात माणसं तोंड उघडंस्तवर ह्यो म्होरं गेलेला असंल. मग लावूच नगंस पोरी. त्यापरास मुकं बरं."

तिनं माऊस आपल्याकडं ओढला.

"मूळचं आहे माझ्याकडं," ती म्हणाली. "तेच जोडते. एक सीडी जास्त लागेल."

तिनं चौकटीतलं नाव बदललं. न कापलेली रेघ पडद्यावर आली. पहिली रिकामी जागा तिनं मोठी करून पाहिली. रेघ आडवी होती, पण सपाट नव्हती. मुंग्या चालल्यासारखी जरा जरा उठत होती. टेपची खरखर असेल. तिनं आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

"म्हणून सांगतो, मायबापहो..."

खरखर. मग लांबून, भिंतीपलीकडून, पातेलं खाली ठेवल्याचा आवाज. आणि कामात गुंतलेल्या बाईचा आवाज, "विठ्ठल विठ्ठल."

लगेच विश्वजित पुढं बोलू लागला.

मामांनी तिच्याकडं पाहिलं. ती पडद्याकडं पाहत होती. पुढच्या जागेला पुन्हा तोच आवाज आला, जरा जवळून. त्याच्या पुढच्या जागेला तोंडात घास असल्यासारखा.

"काय खात हुतीस गं तवा?"

"शेंगदाणे," ती बोलून गेली. मग फेव्हिकॉल खरवडणारं तिचं नख टेबलाच्या कडेवर तसंच राहिलं. हे 'विठ्ठल विठ्ठल' तिला आठवत नव्हतं. कणीक मळता मळता, भाजी चिरता चिरता ती हे म्हणत होती, इतकं सवयीनं की म्हटल्याचं कळतही नव्हतं.

विश्वजित बोलत गेला. गोष्ट रंगात आली. "आणि मग काय झालं, मायबापहो..."

खरखर. पातेलं वाजलं नाही. पलीकडून कुणी काही म्हटलं नाही.

"टेप सपली काय?"

"नाही."

रेघ पुढं सरकत होती. त्या वेळी ती खाली नळाच्या चावीला पाणी भरायला गेली असेल, नाहीतर शेजारी. घरात कुणी नव्हतं. त्याला पुढं जाता आलं असतं. तो गेला नव्हता. सतरंजीवर बसल्याजागी त्यानं मांडी बदलली, तेवढा सळसळ आवाज झाला. पुन्हा खरखर.

मामांचा हात माऊसकडं गेला. स्वप्नालीनं त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या मामा. ते थांबलेत."

मामांनी हात मागं घेतला. तिनं ओढणीनं ओठ पुसले आणि घसा साफ केला.