डोंगरावरचा कुएर्दा

कातारिनोने शेजारच्या एउलालियोला मक्यातलं तण काढायचं काम दिलं होतं. मजुरी कुएर्द्यावर ठरली होती. त्यांच्याकडे जमीन दोरीने मोजून कुएर्द्यातच बोलतात. संध्याकाळी तो शेतावर आला, तर निम्म्याहून जास्त रान तसंच, आणि एउलालियो कुदळ पुसत बसलेला.

"चार कुएर्दे ठरले होते ना रे?"

"झाले की, काका."

"हे चार? माझे डोळे अधू झालेत, फुटले नाहीत अजून!"

"मग घ्या मोजून. मी काय चोर आहे?"

एउलालियो उठून चालू लागला. असली भांडणं कातारिनोची बायको फेलिसियाना दारातच मिटवायची. ती वारल्यापासून त्याच्या अंगणात आपणहून येणारा हा एकटाच होता. आज असा गेला, तर तो पुन्हा फिरकणार नाही, हे म्हाताऱ्याला कळत होतं.

"थांब," तो म्हणाला. "तुमच्या डोंगरावरच्या गावात कुएर्दा केवढा धरतात?"

"पंचवीस वार लांब, पंचवीस रुंद."

"इथं चाळीस धरतात."

एउलालियो मागे फिरला.

"बायकोच्या गावात राहायला आलास, तरी दोरी माहेरचीच?"

"इथली दोरी वेगळी, हे मला कुणी सांगितलं होतं, काका?"

कातारिनोला हसू आलं. "चूक दोघांची. झाल्या कामाची मजुरी आज घे. राहिलेलं रान उद्या बांधावरून फिरून बघू, मग भाव बोलू."

"येतो. पण कॉफी तुमची."

सकाळी कातारिनोने दोघांपुरतं आधण ठेवलं.