सात आडवा

सकाळपासून उकलबाईंनी तीनदा चहा मागवला आणि तिन्ही वेळा तो गार होऊ दिला. पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून त्याचा पार भुगा झाला होता. दोनदा खिडकी उघडली, दोनदा लावली. शेजारच्या टेबलावरच्या मुद्रितशोधकाने तर आपली खुर्ची मुकाट्याने पलीकडे सरकवून घेतली. समोरच्या शब्दकोड्यात सात आडवा अजून कोराच होता.

उकलबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्रात रोज एक गूढ शब्दकोडं यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याची ‘उकल’. ती लिहिणाऱ्या म्हणून उकलबाई. गूढ कोड्यात सरळ प्रश्न विचारायचाच नाही असा दंडक असतो. ओळीच्या एका टोकाला शब्दाचा अर्थ आणि उरलेल्या ओळीत तो शब्द जुळवायची युक्ती. ‘शाबासकीमागून फौज, छपरं उडवणार.’ शाबासकी म्हणजे ‘वा’, फौज म्हणजे ‘दळ’, आणि छपरं उडवतं ते वादळ. हे वाचून वाचकाने कपाळावर हात मारून घ्यावा, एवढ्यासाठी उकलबाईंना पगार मिळायचा.

कोडी रचायचे ते ‘निरगाठ’ या नावाने लिहिणारे काका. उभी हयात नगरपालिकेत नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे कोड्याची चौकट अजूनही पट्टी लावून हाताने आखायचे. दोघांची अकरा वर्षांची एक पद्धत होती. काका कोड्याबरोबर उत्तरं पाठवत नसत. बाईंनी ते वाचकासारखं कोरं सोडवायचं आणि जी ओळ उकलणार नाही तिच्यावर तांबडी फुली मारून कोडं परत धाडायचं. “तुला सुटलं नाही, तर चूक माझी,” काका म्हणायचे, “आणि सुटलं, तर मी अजून शाबूत आहे.” बाईही काही कमी नव्हत्या. आठवड्याला एखादी फुली हमखास पडायची आणि मग फोनवर दोघांची जुंपायची.

फेब्रुवारीत पहिल्यांदा पाल चुकचुकली. वादळाचीच ओळ काकांनी पुन्हा पाठवली, तीही उलटी. आधी फौज, मागून शाबासकी. म्हणजे ‘दळवा’. बाई हसत हसत फुली मारणार, तेवढ्यात संपादक टेबलाशी येऊन उभे राहिले. “बाई, एक सांगून ठेवतो. वाचकांची तक्रार आली किंवा कोडं परत पाठवायची वेळ आली, की निरगाठ बंद. आता मशीन कोडी रचतं, तेही वेळेवर आणि तोंड वर न करता.”

बाईंनी तांबडी पेन्सिल खणात टाकली आणि ओळ स्वतःच नीट केली. काकांना आता या चौकटींशिवाय दुसरं होतं काय? बायको गेलेली, थोरली मुलगी दूरच्या शहरात. एवढी एक गोष्ट काढून घेतली तर ते दिवसभर भिंतींकडे बघत बसतील. मग दुसरी ओळ, तिसरी, मग रोज एखादी. जूनपर्यंत ‘निरगाठ’ नावाखाली रोज एखादी तरी ओळ बाईंचीच छापून येत होती. वाचकांची पत्रं येत होती, निरगाठ हल्ली फॉर्मात आहे म्हणून. बाई ती पत्रं वाचून खणाच्या तळाशी सरकवायच्या. काकांच्या मूळ ओळी त्यांनी एका पाकिटात मोजून जपून ठेवल्या होत्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि आज सात आडवा. ‘थोरली आली नाही, दार उघडं आहे. पाच अक्षरी.’

एरवी त्यांनी ती ओळ काढून आपली घातली असती. पण हिच्यात काहीतरी होतं. साधी, सरळ आणि बंद. अशीच ओळ रचायचे काका, ऐन भरात असताना. म्हणजे युक्ती असणार आणि ती आपल्यालाच दिसत नाही! थोरलीतली ‘ली’ काढून पाहिली. दार उलटं केलं. उघडं म्हणून दाराचा काना काढला. काही केल्या जमेना. दीड वाजला, अडीच वाजला. पान पाचला छपाईला सुटायचं होतं. काकांना फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. शेवटी बाईंनी पर्स उचलली, पाकीट आत कोंबलं आणि कुणाला काही न सांगता निघाल्या. रिक्षात बसल्यावरही बोटं पर्सच्या बंदावर अक्षरं मोजत होती.

तिसरा मजला. काकांचं दार सताड उघडं होतं.

आत इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट बसवून काका दाराकडे तोंड करून बसले होते. समोर अर्धी आखलेली चौकट. बाई उंबऱ्यातच थबकल्या. ओळीत युक्ती नव्हतीच. काका मुलीची वाट बघत होते, आणि ती वाट बघणं जसंच्या तसं कोड्यात उतरलं होतं.

“तू होय! मला वाटलं थोरली,” काका म्हणाले.

“आज यायच्या होत्या का त्या?”

“आज. नाहीतर...” त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “ये, बस. काय काम काढलंस?”

बाईंनी कागद पुढे केला. काकांनी चष्मा वर-खाली करून सात आडवा दोनदा वाचला. “अक्षर माझं आहे,” ते हळूच म्हणाले. “पण ही ओळ नाही गं. हिच्यात कोडंच नाही.” त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मान वर केली. “फुली का नाही मारलीस?”

काकांनी खणातून एक वही काढली. परत आलेल्या प्रत्येक ओळीची तारीखवार नोंद होती तीत. जानेवारीपर्यंत.

“जानेवारीत मी एकदा घरचा रस्ता चुकलो,” काका म्हणाले. “आपल्याच गल्लीत. थोरली डॉक्टरकडे चला म्हणून हट्टाला पेटली. मी म्हटलं, थांब. माझी तपासणी रोज होते. तिथे एक बाई आहे, ती कुणाचीच भीड ठेवत नाही. ओळी भराभर परत यायला लागल्या, की तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तेव्हापासून ती दर फोनला विचारते, बाबा, किती परत आल्या? मी सांगतो, एकही नाही. मग ती म्हणते, झालं तर मग, काळजी नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पीं-पीं करत राहिली. बाईंना वाटलं, आपण आत्ता उठावं आणि जिना उतरून निघून जावं.

“छापून आलेलं वाचायचात ना तुम्ही?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“वाचायचो की. ओळी चांगल्या असायच्या. म्हटलं, आपणच लिहिल्या असणार.”

बाईंनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांना रडू फुटलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही. “काका, मी पांघरूण घालत होते. संपादक तुमचं कोडं बंद करणार होते. मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळतेय.”

काकांनी पाकिटातल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. एकेक वाचत गेले. तीन-चार वाचल्यावर थांबले. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. “पाच महिने फुकट गेले गं,” एवढंच म्हणाले.

पर्समधला फोन वाजू लागला. पावणेपाच झाले होते, संपादक असणार. बाईंनी तो तसाच बंद केला.

काकांनी तांबडी पेन्सिल शोधली आणि सात आडव्यावर स्वतःच फुली मारली. पट्टी लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग भिंतीवर लिहिलेला नंबर बघून त्यांनी फोन लावला आणि रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. “तू सांग. उकल लिहायचं काम तुझं.”

पलीकडून थोरलीने घाईघाईत उचलला आणि सवयीनेच विचारलं, “हं बाबा, किती परत आल्या?”

“ताई, मी उकल लिहिणारी बोलतेय,” बाई म्हणाल्या. “एकशे बारा यायला हव्या होत्या. मी एकही पाठवली नाही.”