चीर नसलेला हिरा

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली एक हिरा दुभंगला. पांढरा, पाण्यासारखा स्वच्छ. चाकावर टेकवला, टच्‌ झालं, संपलं. त्या दिवशी मालकांनी मला घासायच्या चाकावरून उठवलं आणि खडे निवडायच्या टेबलावर बसवलं. बारा वर्षं पैलू पाडलेली बाई मी! रडू यायचं, मग रडू आल्याचा राग यायचा, आणि राग आला की जीभ सुटायची. कारखान्यात मला मिरची म्हणतात ते काही उगाच नाही.

माझा धाकटा दीरही तिथेच कामाला. एका काळ्या हिऱ्याने त्याच्या नाकी नऊ आणले होते. आठवडा झाला तरी एक पैलू धड उतरेना, उलट चाकावरच चरे पडले.

"हा खडा परत पाठवतो," मालक वैतागून म्हणाले.

"मला द्या," मी टेबलावरूनच ओरडले.

"आणि फुटला तर?"

"तर या टेबलावरूनही उठते, घरी बसते. पण जमला, तर माझं चाक मला परत."

"वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला?" दीर कुजबुजला.

"तू गप रे!"

बोलून बसले खरी, पण मालकांनी खडा पुढे ठेवला, मी तो चिमट्यात बसवला आणि गेल्या वर्षीचं ते टच्‌ कानात वाजलं. दुधाने तोंड पोळलं होतं ना! चाकाला लावायचा धीरच होईना. म्हणून आधी भिंगातून नीट पाहिला. पांढऱ्या हिऱ्यात आत डोकावता येतं, याच्यात उजेड शिरतच नव्हता. वरवर दिसले ते बारीक बारीक दाणे, साखरेच्या ढेकळासारखे एकमेकांत रुतलेले, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. पांढरा हिरा म्हणजे एकच अखंड स्फटिक. लाकडासारखी त्याला चीर असते, तिथे धक्का बसला की दोन तुकडे. याला चीरच नाही.

अगं बाई, मग मी घाबरतेय कशाला? फार तर कड उडेल, पण हा काही दुभंगायचा नाही!

मी खो खो हसले. दिराला वाटलं, वहिनीचं डोकं फिरलं.

त्याची चूकही कळली. पांढऱ्याला एक मऊ बाजू असते, ती सापडली की काम सरसर होतं. हा पठ्ठ्या तीच शोधत होता, आणि सापडेना म्हणून जोर लावत होता. इथे दाण्यादाण्याची दिशा वेगळी, मऊ बाजू येणार कुठून? मी शोधलीच नाही. हात हलका ठेवला. चाक किंचाळलं की खडा जरासा वळवायचा, तापला की थांबायचं. असे अकरा दिवस गेले. ते टच्‌ एकदाही आठवलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी खड्यावरचं चाकाचं तेल पुसलं. वरच्या सपाट पैलूत समोरची खिडकी दिसली, तिच्या गजांसकट, आणि खाली माझं घामेजलेलं तोंड. काय सुंदर दिसत होते मी!

मालकांनी भिंग लावून प्रत्येक पैलू पाहिला.

"उद्यापासून चाकावर बस," मालक शेवटी म्हणाले.

"उद्यापासून?" मी दिवा जवळ ओढला. "अकरा दिवस झाले बसून. दुसरा खडा द्या."