ग्रहण आणि आगटेबाईंची कात्री

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याच्या कात्रीसारखी दांडगी नव्हे; तळहातात मावेन एवढीच, टोकाला किंचित वाकलेली. मित्रांनो, एवढ्याशा कात्रीने आपली कहाणी सांगावी हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटू दे. माझी जीभ पहिल्यापासून तिखट आहे आणि धार अजून गेलेली नाही.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पुण्याच्या बोहरी आळीत आले आणि एका दुकानाच्या काचेमागे भरतकामाच्या सुयांशेजारी जाऊन बसले. आपण रुमालावर फुले काढणाऱ्या कुणा हौशी बाईंच्या हाती जाणार, असे मी धरून चालले होते. एके दिवशी जाड चष्म्याच्या, सुती पातळ नेसलेल्या एक बाई आल्या. त्यांनी दुकानदाराकडून वर्तमानपत्राचा तुकडा मागून घेतला आणि माझ्याकडून त्यातले एकच अक्षर कापून काढले, त्याची वेलांटीसुद्धा न तोडता. "ही द्या," एवढेच त्या म्हणाल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

त्या डॉ. कुमुद आगटे. सगळे त्यांना आगटेबाई म्हणत. राहायला नारायण पेठेत, आणि काम एका इस्पितळामागच्या खोलीत. पूर्वी तिथे मोडक्या खाटा टाकलेल्या असत. तुम्हाला ठाऊक असेल, आपले शरीर अगणित पेशींचे बनलेले असते आणि त्या पेशींत धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची, अशा त्यांच्या तेवीस जोड्या. बाई परदेशात ही विद्या शिकून आल्या, तेव्हा इथे ती तपासणी जवळपास कुणी करत नव्हते. "हे बघून घ्यायला पुण्यात कोण येणार?" असे त्यांना एका मोठ्या डॉक्टरांनी विचारले. "ज्यांना मुलं होतात ते येतील," बाई म्हणाल्या.

रक्तातल्या पेशी बाटलीत वाढवायला एक द्रव्य लागायचे. ते परदेशातून यायचे, तेही वेळेवर नाही. पण ते निघते राजम्यातून, हे बाईंना माहीत होते. त्यांनी मंडईतून राजमा आणून, भिजवून, वाटून, गाळून स्वतःच अर्क काढायला सुरुवात केली. दुकानदार एकदा म्हणाला, "बाई, तुमच्याकडे राजमा फार खपतो." बाई म्हणाल्या, "खात कोण आहे?" वीज गेली की त्या पेशींच्या बाटल्या शालीत गुंडाळून पोटाशी धरून बसत. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. शाल पोटाशी धरलेल्या बाईंना पाहिले की मला मात्र तसे कधी वाटायचे नाही.

आता माझे काम सांगते. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गुणसूत्रांचा फोटो काढत, तो मोठा करत, आणि मग मी त्यातले एकेक गुणसूत्र कापून वेगळे करायची. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे. बाई ते लांबीप्रमाणे लावून, त्यांच्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे जुळवून, जोडीजोडीने पुठ्ठ्यावर चिकटवत. त्या वेळी पंखा बंद. शिंक आली तर बाहेर. माझ्या खोक्यावर त्यांनी लिहून ठेवले होते: "ही कात्री फक्त गुणसूत्रांसाठी. पाकिटे फोडण्यासाठी देवाने नखे दिली आहेत." माझी इतकी इज्जत पुढे कुणी ठेवली नाही.

आणि मग ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठे सूर्यग्रहण झाले. त्या दिवशी रस्ते ओस पडले होते. पुढच्या वर्षी एप्रिलात वाघोलीहून एक कुटुंब आमच्या खोलीत आले. वाघोली तेव्हा गाव होते, शेताभातांचे. जयसिंग, त्याची बायको शालू, जयसिंगची आई कौशल्याबाई, आणि शालूच्या मांडीवर अकरा महिन्यांचा साईनाथ. डोळे तिरपे, अंग सैल, अजून बसत नव्हता. पण जो बघेल त्याच्याकडे बघून हसत होता. त्याचे रक्त आधीच घेऊन झाले होते. आज निकाल कळायचा होता.

कौशल्याबाई उभ्याउभ्याच बोलल्या. "डाक्टरीनबाई, हिनं गिराणात कात्री चालवली. पोटुशी असताना. झबलं कापत बसली व्हती, मी सवता बघितलं. त्याचं हे फळ हाय. आता हिला माहेरी धाडायची आन् जयसिंगला दुसरी बघायची. पाव्हणं बी येऊन गेलं. तेवढं काय ते खरं सांगा."

शालूने मान वर केली नाही. मूल मात्र तिने घट्ट धरले. मित्रांनो, मी टेबलावर पडून ऐकत होते. दोष शालूवर होता, पण आळ माझ्या जातीवर होता. माझ्या पात्यांना जणू गंज चढला.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी साईनाथच्या गुणसूत्रांचा फोटो पुढे घेतला, मला उचलले आणि त्या कौशल्याबाईंच्या समोर कापू लागल्या. सगळे तुकडे पांढऱ्या कागदावर पडले. तेवढ्यात उकाड्याने हैराण झालेल्या जयसिंगने भिंतीवरचे बटण दाबले. पंखा फिरला आणि साईनाथची गुणसूत्रे खोलीभर उडाली.

बाई पदर खोचून खाली बसल्या. मग जयसिंग बसला, शालू बसली, आणि शेवटी गुडघ्यावर हात टेकत कौशल्याबाईही बसल्या. टेबलाखालून, खुर्चीखालून सगळ्यांनी तुकडे वेचले.

"एखादा कमी तर न्हाई ना पडला?" कौशल्याबाईंनी विचारले. आवाज आता जरा खाली आला होता.

"तुम्हीच जोड्या लावून बघा," बाई म्हणाल्या.

कौशल्याबाईंची नजर बियाणे निवडून तयार झालेली. बाई पट्टे कसे बघायचे ते दाखवत गेल्या आणि म्हातारीचे बोट तुकडे सरकवत गेले. जोड्या लागत गेल्या. शेवटी एक अगदी लहान तुकडा उरला.

"ह्याची जोडी कुठाय?"

"ती बघा, लागलेली आहे. हा तिसरा. जिथे दोन असतात तिथे साईनाथकडे तीन आहेत."

"ह्यो आला कुठनं?"

"भावाभावांत जमिनीची वाटणी होते, आणि एखादा वाफा चुकून एकाकडेच जातो ना? तसं. ही वाटणी शालूला दिवस जायच्या आधीच चुकली. ग्रहणाच्या दिवशी साईनाथ पोटात सहा महिन्यांचा होता, आणि हा तुकडा त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासून होता. कात्री फार नंतर आली, कौशल्याबाई."

"म्हंजे हिनं केलं न्हाई."

"नाही. जयसिंगनेही नाही. कुणीच नाही."

कौशल्याबाईंनी तो तुकडा बोटाने त्याच्या जोडीशेजारी नीट सरकवला. मग शालूकडे हात पसरून म्हणाल्या, "आण हिकडं त्याला. तुझा हात अवघडला आसंल." शालू तेव्हा रडली. आळ उतरला तसे मलाही भरून आले. फक्त कात्रीला रडता येत नाही.

बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. साईनाथ उशिरा चालेल, उशिरा बोलेल, त्याचे हृदय तपासून घ्या, हे सगळे स्पष्ट सांगितले. पण शालू वाघोलीलाच राहिली आणि ते पाहुणे परत आले नाहीत.

त्यानंतर कितीतरी घरे त्या खोलीत आली. बाईंनी तरुण डॉक्टरांना शिकवले, संशोधनाबद्दल मानसन्मान मिळवले. फोटोत त्यांच्या गळ्यात हार असे आणि मी खोक्यात. माझी तक्रार नव्हती. मग संगणक आला. गुणसूत्रे पडद्यावर बोटाच्या इशाऱ्याने जोडीला जाऊ लागली आणि मला काम उरले नाही. बाई निवृत्त झाल्या, मला घरी घेऊन आल्या. तिथे त्यांची नात लागणारी पूर्वा माझ्या पात्यांनी दुधाच्या पिशव्या आणि कुरिअरची खोकी फोडायची. "आजी, ही कात्री यूसलेस आहे, सगळी स्टिकी झालीये." अरे, चिकटपट्टीचा डिंक तोंडात कोंबल्यावर कोण बोलेल?

मला वाचवले साईनाथने. दर दिवाळीला तो शालूबरोबर फराळ घेऊन येतो. आता चाळिशी ओलांडली आहे त्याने. वाघोलीत शेताच्या जागी टोलेजंग इमारती झाल्या. घरच्यांनी चपलांचे दुकान काढले आणि तिथे जोड्या लावायचे काम साईनाथचे. त्याच्या हातून डावा-उजवा कधी चुकत नाही. एका दिवाळीत त्याने मला बघितले, खोबरेल तेल मागितले आणि माझी पाती पुसत बसला. "ही तुझीच," बाई त्याला म्हणाल्या. मी वाघोलीला गेले.

मध्यंतरी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आले. साईनाथचा धाकटा भाऊ ऋषी, त्याची बायको शेफाली गरोदर होती. तिच्या फोनवर सकाळपासून निरोप येत होते: कात्री धरू नका, सुरी धरू नका. "आई, मला हे लॉजिकली पटत नाही," ती शालूला म्हणाली, "पण भीती वाटतेय. काही झालं तर लोक मलाच म्हणतील."

शालू आत गेली. ट्रंकेतून तिने मऊ, पिवळट पडलेले एक कापड आणले. अर्धे कापलेले. त्या ऐंशी सालच्या दुपारी तिच्या हातून हिसकावलेले झबले. कौशल्याबाई जाऊनही वर्षे लोटली होती, पण शालूने ते पुरे केले नव्हते. तिने मला उचलले, पण मित्रांनो, तिलाही माझी पाती उघडवेनात. तिने नारायण पेठेत फोन लावला.

"बाई, गिराण लागलंय. कापू का?"

"अहो, माप घेतलंय का?" पलीकडून पंचाऐंशीच्या घरातला आवाज आला. मग पुढे, "शेफालीला सांगा, जे बाळ यायचं ते येईल आणि ते आपलंच असेल. कात्रीला त्यात कुणी विचारत नाही."

शालूने मला शेफालीच्या हातात दिले. साईनाथने कापडाची दोन टोके ताणून धरली. "हळू काप," तो म्हणाला. "वाकडं नको." गॅलरीत ऊन विचित्र मंद झाले होते. जिथे थांबले होते, तिथूनच ते कापड पुन्हा कापले गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरातही असतील. त्यांना अधूनमधून तेलाचा हात लावा, त्यांच्याकडून भलती कामे करून घेऊ नका, आणि आपल्या भीतीचे खापर त्यांच्यावर किंवा कुणाच्या आईवर फोडू नका. आता तुम्ही विचाराल, शेफालीचे बाळ कसे झाले? ते मी सांगणार नाही. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. झबले त्याला नीट बसले, एवढेच माझे काम होते.