डॉर्कस गाईच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी घंटा आहे, गाईच्या गळ्यातली. तुमचे गिल्किसन घराणे आज या खोऱ्यात ओढ्यापासून गिरणीपर्यंत पसरले आहे ना, ते माझ्या एका आवाजामुळे. हसा, हसून घ्या. तोवर मी थांबते.

माझा जन्म डोंगरांच्या पूर्वेला, एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने लोखंडी पत्रा दुमडला, कडा ठोकल्या, पितळेच्या तुकड्यांसकट मला ओल्या मातीत गुंडाळले आणि निखाऱ्यांत पुरले. माती फोडली तेव्हा पितळ माझ्या अंगभर चढले होते. माझा पहिला आवाज ऐकून शेजारच्या कोंबड्यांनी भरदुपारी अंडी घातली, आणि लोहाराची ठार बहिरी सासू म्हणाली, "दार उघडा रे, कोणीतरी आलंय."

तुमच्या पूर्वज जेनेटच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला डॉर्कस नावाची गाय दिली आणि गाईच्या गळ्यात मला. मग जेनेट, तिचा नवरा आर्चिबाल्ड, डॉर्कस आणि मी डोंगर ओलांडून इकडे आलो. वाट इथल्या मूळ रहिवाशांची, शॉनी शिकाऱ्यांची होती, फार जुनी. आर्चिबाल्डने चार झाडांवर कुऱ्हाडीने आपली अक्षरे कोरली आणि मधली जमीन आपली झाली असे जाहीर केले. शॉनींना कोणी विचारले नाही. आणि थापाडी म्हणून नाव मात्र माझेच झाले.

त्या काळी कुंपण मक्याला असे, गाईला नसे. गाय दिवसभर रानात चरे आणि वासरू घरी बांधलेले असे, म्हणून संध्याकाळी ती आपणहून परत येई. जेनेट उंबऱ्यात उभी राहून कान देई आणि सांगे, "डॉर्कस ओढा ओलांडतेय, चुलीवर पाणी ठेवा." दहा वर्षांत ती एकदाही चुकली नाही. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग एका पानगळीत लांडग्यांनी वासरू नेले. आता डॉर्कसने घरी यावे तरी कोणासाठी? पहिल्या संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्याही नाही.

घरात तीन महिन्यांचा सायलस होता. जेनेटला हिवताप भरला होता, तिचे दूध आटले होते. आर्चिबाल्ड खोऱ्यातल्या इतर पुरुषांबरोबर घोडे घेऊन मीठ आणायला डोंगरापलीकडे गेला होता. सायलस मक्याच्या पिठाच्या पाण्यात बुडवलेली चिंधी चोखत होता. तिसऱ्या दिवशी त्याने रडणेही सोडले. शेजारचा म्हातारा लॉफ्रिज कुबडी टेकत आला, त्याने पाळण्यात डोकावून पाहिले आणि टोपी काढली.

"टोपी घाला डोक्यावर, काका," जेनेट अंथरुणातून ओरडली. "माझं पोर जिवंत आहे अजून."

"गाय आणल्याशिवाय वाचायचं नाही गं ते. माझा पाय धड असता तर—"

"तुमचा पाय धड होता तेव्हाही तुम्हाला स्वतःची गाय सापडत नव्हती. केझी! इकडे ये."

केझाया तेव्हा नऊ वर्षांची होती. हो, तीच ही, शेकोटीपाशी शेंगा सोलत बसलेली तुमची पणजी. आईने तिच्या हातात एक पुरचुंडी दिली. घरातले शेवटचे मूठभर मीठ.

"वासरू नाही, तर ती मिठासाठी येईल. चाटव, दोन पावलं चालव, पुन्हा चाटव. एकदम देऊ नकोस, नाहीतर अर्ध्या वाटेवर पाठ फिरवेल. कळलं का, बाय?"

"आणि सगळं संपलं तर?"

"नाही संपू द्यायचं."

मी वरच्या खिंडीत, झुडपांच्या दाट जाळीत होते. डॉर्कस उभ्या उभ्या रवंथ करत होती आणि मी अधूनमधून टण्ण करत होते. त्या आवाजावर केझाया नेमकी आली. तिने तळहात पुढे केला. डॉर्कसने जीभ लावली आणि निघाली. तेवढ्यात ओढ्यावरून धुके चढले. हातभर अंतरावरचे झाड दिसेना.

दोन पावले. टण्ण, टण्ण. थांबा. चाटवा.

तेव्हा मागे पाचोळा वाजला.

केझाया थांबली. पाचोळा थांबला. ती चालली, मी वाजले, आणि पाचोळाही चालू लागला. मग धुक्यातून बाईने गळा काढावा तशी एक किंकाळी आली. खाली घरात जेनेटने ती ऐकली. पोरगीच ओरडली असे समजून ती तापात अंथरुणातून खाली पडली. पण ती प्यूमाची, डोंगरातल्या त्या मोठ्या रानमांजराची आरोळी होती. पिवळा, लांबलचक, आणि भुकेला.

"डॉर्कस, चल ना गं," केझाया कुजबुजत होती. "चल ना, माझी राणी. सायलस वाट बघतोय."

पळावे तर गाय मागे राहणार. गाय सोडावी तर सायलस जाणार. आणि पुरचुंडी हलकी होत चालली होती. पाचोळा आता मागे नव्हता, डाव्या हाताला होता. मग उजव्या. मग बराच वेळ कुठेच नव्हता, आणि ते सर्वांत वाईट होते.

"मग?" सर्वांत पुढे बसलेल्या टॅबिथाने विचारले. तिचा अंगठा तोंडात गेला होता.

मग, मित्रांनो, मी ठरवले. मी लोलक असा काही आपटला की धुके मधोमध फाटले! ओढ्याचे पाणी क्षणभर उलटे वाहिले. प्यूमाच्या मिशा गळून पडल्या आणि तो जो पळाला तो मिसिसिपी नदी ओलांडून थांबला. तिथले लोक अजून बिनमिशीच्या प्यूमाबद्दल बोलतात. माझ्या आवाजाच्या तालावर केझाया आणि डॉर्कस घरी पोहोचल्या. लॉफ्रिजने गाईचे दूध काढले, आणि सायलसने अखेर घर दणाणून टाकेल असे रडून दाखवले.

अशी मी. आणि आज? आज मी या खिळ्याला लटकते आहे. पट्टा कुजला आहे, अंगावरचे पितळ काळवंडले आहे, आणि माझ्यात कोळ्याने घर केले आहे. तुमच्या वाडवडिलांना जिने वाचवले तिला असे विसरू नका, मित्रांनो. थोडी राख लावून मला घासा. नवा पट्टा करा. ज्या वस्तूच्या आवाजावर तुमचे घराणे उभे आहे, तिचा आवाज—

"ए, खोटारडे!"

शेंगांची टोपली धाडकन खाली ठेवून केझाया उठली होती.

"कुठला आवाज? त्या प्यूमाला आमचा माग तुझ्याच आवाजावर लागत होता! तुझ्यात शेवाळ कोंबलं मी, आणि वर तुझी जीभ मुठीत आवळून धरली. उजव्या हातात मीठ, डाव्यात तू. उंबऱ्यापर्यंत सोडली नाही. एकदा, एकदा जरी टण्ण केलं असतंस ना भवाने, तर ही सगळी पोरं आज इथे बसलीच नसती!"