टोलनचं साखरेचं कार्ड

हुल्डाने ओव्हनमधून केक काढून खिडकीशी ठेवला. लढाई सुरू झाल्यापासून या घरात एवढी साखर एका भांड्यात पडली नव्हती. निम्मी तिच्या रेशनकार्डावरची, निम्मी वरच्या खोलीतल्या भाडेकरूच्या, टोलनच्या.

"घ्या बाई, मी कॉफी कडूच पितो," म्हणत त्याने आपलं कार्ड तिच्या हातात ठेवलं होतं. आज चार वाजता तिचा मुलगा आयनार बोटीवर जाण्याआधी तासभर घरी येणार होता.

सकाळी कुपन फाडताना कार्डावरचं वर्णन वाचून कोपऱ्यावरचा वाणी हसला होता. "सहा फूट दोन इंच? तपकिरी डोळे? हा तुमचा टोलन स्टुलावर उभा राहिला होता की काय?" टोलन जेमतेम हुल्डाच्या कानाला लागायचा, आणि त्याचे डोळे राखाडी. शाळेत कार्डं लिहायला बसलेल्या मास्तरणींचा घोळ, असं म्हणून तीही हसली होती.

"वाचा ना बाई," टोलन टेबलाशी बसत म्हणाला. बांधलेली बॅग त्याने पायाशी ठेवली. त्याची दोनची गाडी होती. डोळे दुखतात असं तो सांगायचा, पण त्याला वाचता येत नाही हे हुल्डाने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. बिचाऱ्याला कशाला लाजवायचं, म्हणून ती रोज त्याला पेपर वाचून दाखवायची.

हात पुसून तिने पान उलटलं.

"बंदरात सापडलेल्या प्रेताची अजून ओळख पटलेली नाही. पाठीत दोन गोळ्या..."

पुढची ओळ तिने मनातच वाचली. उंची सहा फूट दोन इंच. डोळे तपकिरी. खिशात काहीही सापडलं नाही, रेशनकार्डसुद्धा नाही.

तिचं बोट त्या ओळीवरच थांबलं.

"का थांबलात?"

"मेली शाईच पुसट आहे." तिने पेपर तोंडासमोर धरला. "माणूस बुटका. अंगाने बारीक. डोळे निळे."

"छे! चांगला उंच होता," टोलन म्हणाला.

म्हणाला आणि कप हातात तसाच धरून बसला. मग त्याने तो हळूच बशीत ठेवला. हुल्डाला आधी स्वतःची भीती वाटलीच नाही. दारातूनच हाका मारत आत येणारा आयनार तेवढा तिला दिसला.

"मुलगा कितीला येणार म्हणालात?"

"येत नाही तो. बोट पहाटेच सुटली, निरोप आला."

"मग हा केक कुणाला?"

तिने सुरी उचलली. ती केकमध्ये खोल दाबली.

"तुम्हालाच. निम्मी साखर तुमचीच ना?"

सगळ्यात मोठा तुकडा तिने त्याच्यापुढे सरकवला आणि त्याच्या गाडीची वेळ होईपर्यंत आपली नजर काट्यांवर जाऊ नये म्हणून घड्याळाकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली.